पोह्यांची प्लेट आणि दोन पट्ट्या

सकाळी उठल्या उठल्या शुगर मोजायला बोटाला सुई टोचायची. 118 आला की स्वारी खूश, 142 आला की तोंड पाडून बसायचं, आणि दोन्ही परिस्थितीत थोड्या वेळाने नाक्यावर जाऊन पोहे-जलेबी खायची. टाइप 2 मधुमेह असलेल्या बऱ्याच इंदुरी घरांत शुगरचं मशीन असं वापरलं जातं. मशीनमध्ये घालून रक्ताचा थेंब टेकवायच्या अशा महिन्याला तीस पट्ट्या संपतात, आणि त्यातली एकही पट्टी आपल्या ताटाबद्दल फारसं काही सांगत नाही. उपाशीपोटीचा आकडा मुख्यतः यकृताने रात्रभर किती साखर रक्तात सोडली आणि औषधाने तिला किती आवर घातला, हे दाखवतो. पोह्यांनी काय केलं, दुपारच्या वरण-भाताने काय केलं, ते त्यात दिसत नाही.

म्हणून पट्ट्या जोडीने वापराव्यात, असं माझं ठाम मत आहे. एक खाण्याच्या लगेच आधी आणि दुसरी पहिल्या घासापासून दोन तासांनी. शेवटच्या घासापासून नाही, पहिल्या. दोन आकड्यांतला फरक, म्हणजे शुगरने मारलेली उडी, ही त्या ताटाची खरी खबर. बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत, ही सर्वसाधारण उद्दिष्टं धरतात. वय जास्त असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, शुगर वारंवार खाली जात असेल, तर डॉक्टर ती मुद्दाम सैल करतात. गरोदरपणात ती कडक असतात, तो वेगळाच विषय. उडी 40-50 च्या आत राहिली तर ते ताट तुम्हाला मानवलं असं समजायला हरकत नाही. 80-90 ची उडी असेल तर ताटात काहीतरी बदलायला हवं.

पट्टी ब्रँडप्रमाणे साधारण 15 ते 30 रुपयांना पडते, त्यामुळे दिवसाला सात-आठ वेळा टोचत बसणं कोणाला परवडत नाही, आणि इन्सुलिन घेत नसाल तर त्याची गरजही नसते. 25 पट्ट्यांच्या डबीत बारा जोड्या होतात. एकेक ताट दोन-तीनदा मोजायचं, म्हणजे एका महिन्यात चार ते सहा ताटं होतात. नेहमीची ताटं तपासून झाली की पुढच्या महिन्यात तेवढी गरजही उरत नाही. इन्सुलिनवर असलेल्यांचं गणित वेगळं आहे, त्यांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळांना मोजायचंच, त्यात काटकसर नको.

आधी बोट, मग आकडा

चुकीच्या आकड्यावरून ताट बदलण्यात अर्थ नाही, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. हे सांगायची वेळ येते, कारण नव्वद टक्के लोक नुसता स्पिरिटचा बोळा फिरवतात, हा माझा अंदाज. आंबा कापल्यावर, द्राक्षं खाल्ल्यावर किंवा जलेबी उचलल्यावर बोटावर साखरेचा अदृश्य थर राहतो. रक्ताचा थेंब एवढासा, त्यात ती साखर मिसळली की खरी शुगर शंभर असताना मशीन दोनशेच्या वरचा आकडा दाखवू शकतं. स्पिरिटच्या बोळ्याने हा थर पूर्ण निघत नाही, साबण-पाण्याने निघतो. बाहेर असाल आणि धुणं शक्यच नसेल तर पहिला थेंब स्वच्छ कापसाने पुसून दुसरा वापरा. आणि ओलं बोट टोचलं तर थेंब पाण्यात पसरतो, पातळ होतो, आकडा खाली येतो.

टोचायचं ते बोटाच्या टोकाच्या कडेला. मधल्या गुबगुबीत भागात संवेदना जास्त, दिवसभर दुखतं, पोळी लाटताना आणि मोबाईलवर टाइप करताना जाणवतं. टोचण्याच्या पेनावर खोलीचे आकडे असतात. 2 किंवा 3 पासून सुरुवात करा, रक्त आलं नाही तरच वाढवा. इंदूरच्या जानेवारीतल्या सकाळी बोटं गार पडलेली असतात, मग लोक सुई खोल करतात आणि बोट पिळतात. पिळू नका. पिळलं की रक्ताबरोबर पेशींमधलं पाणीही बाहेर येतं आणि आकडा बिघडतो. त्याऐवजी कोमट पाण्याने हात धुवा, हात अर्धा मिनिट खाली लोंबता सोडा, तळव्याकडून टोकाकडे हलकंच चोळा. मग टोचल्यावर एक क्षण थांबलं की थेंब आपोआप फुगतो, मोहरीच्या दाण्याएवढा गोल, चकचकीत. पट्टीची कड त्याला वरून चोपडायची नाही, कडेने नुसती टेकवायची. पट्टी थेंब स्वतः ओढून घेते, मशीन टिक करतं आणि उलटी मोजणी सुरू होते. कमी पडलं म्हणून त्याच पट्टीवर नंतर दुसरा थेंब लावणं बहुतेक पट्ट्यांना चालत नाही. ती पट्टी गेली म्हणायची.

पट्ट्यांची डबी ही औषधासारखी सांभाळायची वस्तू आहे. झाकणात किंवा डबीच्या भिंतीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो, म्हणून पट्टी काढली की झाकण तत्क्षणी लावायचं. स्वयंपाकघरात गॅसशेजारी नाही, बाथरूमच्या कपाटात नाही, फ्रिजमध्येही नाही. बहुतेक पट्ट्यांना 4 ते 30 अंश तापमान लागतं. एप्रिल-मे मध्ये इथे पारा 42 च्या आसपास असतो, आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीत किती होत असेल ते डिक्कीला हात लावून बघा. त्या डिक्कीत आठवडाभर पडलेली डबी फेकून द्यावी, जीव तुटला तरी. डबी उघडल्याची तारीख झाकणावर पेनने लिहा. उघडल्यावर किती महिने चालते ते डबीवर छापलेलं असतं, कंपनीप्रमाणे तीन ते सहा महिने, काहींची छापील मुदत संपेपर्यंत.

आता मशीन किती खरं बोलतं? सध्याचं आंतरराष्ट्रीय मानक, 2013 चं, असं सांगतं की 100 आणि त्यापुढचे 95 टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्के इकडे-तिकडे असावेत, आणि 100 च्या खाली 15 अंक इकडे-तिकडे. म्हणजे खरी शुगर 200 असेल तर मशीनने 172 दाखवलं काय आणि 228 दाखवलं काय, मशीन नापास नाही. यातून दोन गोष्टी निघतात. एक, 124 आणि 131 यात काहीही फरक नाही, त्यावरून घरात वाद घालू नका. दोन, एका ताटाची एकच जोडी पुरत नाही. तेच ताट, तेवढंच, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा, मगच निकाल लावा.

एक जास्तीची गोष्ट, जी मशीनच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात असते. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर बरीच मशीनं शुगर खरी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात.

पोहे

इथला नाश्ता म्हणजे पोहे, त्यामुळे पहिली जोडी त्यांच्यावर खर्च करावी. ठेल्यावरचे पोहे घरच्यासारखे फोडणीत परतलेले नसतात, वाफेवर गरम ठेवलेले असतात, त्यामुळे तेल कमी, मऊपणा जास्त. वरून शेव, कांदा, जीरावन मसाला, लिंबू. तेल कमी म्हणून ते हलके, असा समज पक्का बसलेला आहे. वजनाला हलके, हे खरं. पण शुगरच्या हिशेबात बघायचं ते कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर. कोरड्या पोह्यांच्या वजनाचा तीन चतुर्थांश भाग कार्ब असतो. 60 ग्रॅम कोरडे पोहे भिजवले की एक चांगली भरलेली प्लेट होते, त्यात 45 ग्रॅमच्या आसपास कार्ब. 30 ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात साधारण 20 ग्रॅम असतात. म्हणजे एक प्लेट पोहे हे सव्वादोन फुलके झाले, आणि तेही भाजीविना. पोहे म्हणजे साळ भिजवून, भाजून, चपटी केलेली असते, पुन्हा भिजवून मऊ केले की पचायला काही शिल्लकच राहत नाही, त्यामुळे साखर लवकर चढते. जलेबी (पुण्याकडे जिलबी म्हणतात, इथे तसं म्हटलं की दुकानदार दोनदा विचारतो) म्हणजे पाकात बुडवलेला मैदा. त्याबद्दल आणखी काय लिहायचं?

पोहे बंद करा असं मी म्हणत नाही. इंदुरात असं सांगणाऱ्याचं कोणी ऐकत नाही आणि गरजही नाही. जोडीने मोजा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. समजा पूर्ण प्लेट आणि 50 ग्रॅम जलेबी, आधी 126, दोन तासांनी 221. उडी 95. पुढच्या वेळी जलेबी काढली, पोहे तेवढेच: उडी किती? त्यानंतर अर्धी प्लेट पोहे आणि वाटीभर उसळ. आपल्याकडे राजवाड्याच्या परिसरात उसळ-पोहे मिळतात ते या दृष्टीने फार सोयीचे: दुकानदाराला पोहे अर्धे, उसळ दुप्पट, शेव कमी सांगायचं, तर्री तुमच्या पोटाच्या मगदुराप्रमाणे. घरी करायचे तर 30 ग्रॅम पोहे, त्यात मूठभर मटार, शेंगदाणे, भरपूर कांदा आणि कोबी, शेजारी मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा दोन उकडलेली अंडी. तिन्ही बदल एकदम केले तर शुगर उतरेल, पण कशाने उतरली ते कळणार नाही, आणि मग जलेबीचा त्याग उगाच केला की काय, ही शंका कायम राहील.

बटाटा घातलेले पोहे हा कार्बमध्ये कार्ब घालण्याचा प्रकार आहे. तो बटाटा काढून टाकण्यात चवीचं काही मोठं नुकसान होत नाही.

दोन तासांचा आकडा फसवतो तेव्हा

दाल-बाफले खाऊन दोन तासांनी शुगर मोजली, 158 आली, आणि माणूस जगाला सांगत सुटतो की मला बाफले चालतात. तूप आणि तेल पोट रिकामं व्हायला उशीर लावतात, त्यामुळे साखर दोन तासांत न चढता हळूहळू चढत राहते. बाफल्याचं पीठ आधी उकळत्या पाण्यात शिजतं, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. अशा जेवणाचा खरा आकडा तीन ते चार तासांनी दिसतो. तेव्हा रविवारच्या दाल-बाफल्याला तिसरी पट्टी ठेवा, चौथ्या तासाची. एका बाफल्यात 75 ग्रॅम पीठ असेल तर तो अडीच फुलक्यांएवढा, दोन बाफले म्हणजे पाच फुलके, आणि त्यानंतरचा लाडू हिशेबात धरलेला नाही. एक बाफला कुस्करून त्यावर तुरीच्या डाळीचे दोन मोठे डाव, आणि त्याआधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर, एवढ्यावर बऱ्याच जणांचं निभतं. कचोरी, भरपूर शेव आणि हिवाळ्यातला गराडू यांचंही असंच. गराडू हा कंद, पिष्टच, तोही तळलेला. दोन तासांचा आकडा बरा येतो आणि रात्री दहाला चढतो.

सराफ्याचा प्रश्न यातूनच निघतो. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर तो बाजार खाण्याचा होतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो. रात्री अकराला भुट्ट्याचा कीस, साबुदाणा खिचडी आणि वर रबडी झाली, की सकाळी सहाचा आकडा हा उपाशीपोटीचा आकडा राहतच नाही. त्या दिवशी 165 आली म्हणून गोळी वाढवून घेऊ नका, आणि डॉक्टरांना रात्रीचं सांगा, लपवू नका.

पण रात्री आठला साधं जेवूनही सकाळची शुगर चढलेली असेल तर? पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत काही संप्रेरकं सोडतं, त्यांच्यामुळे यकृत साखर बाहेर काढतं. मधुमेहात इन्सुलिन ती आवरायला पुरं पडत नाही. शोधायचं कसं? झोपताना एक पट्टी, पहाटे तीनला एक आणि उठल्यावर एक, असं दोन-तीन रात्री. झोपताना 130, तीनला 125, सहाला 155 असं असेल तर पहाटेची ही वाढच आहे, रात्रीची पोळी कमी करून ती फारशी हटत नाही, औषधाची वेळ किंवा प्रकार डॉक्टरांनी बघावा लागतो. झोपतानाच 190 असेल तर दोष रात्रीच्या ताटाचा. आणि तीन वाजता 65 आली तर ते इन्सुलिन किंवा गोळी जास्त होत असल्याचं लक्षण, दुसऱ्याच दिवशी फोन करायचा.

ताटातला क्रम, आणि थोडी वजनं

स्वयंपाकघरात एक साधा डिजिटल वजनकाटा हवा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. महिनाभर वजन करा, नंतर डोळ्यांना सवय होते. वाटी हे माप नाही, प्रत्येक घराची वाटी वेगळी. 30 ग्रॅम कच्च्या तांदळाचा शिजून साधारण 90 ग्रॅम भात होतो, त्यात 23-24 ग्रॅम कार्ब. एका भाकरीला 60-70 ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं, म्हणजे एक भाकरी दोन फुलक्यांची. भाकरी ही शुगरला चालते म्हणून दोन-दोन खाणाऱ्यांची उडी फुलके खाणाऱ्यांपेक्षा मोठी निघते, यात ज्वारीचा दोष नाही. कणकेत चौथा हिस्सा बेसन किंवा हरभऱ्याचं पीठ मिसळलं तर फुलका नीट फुगतो आणि उडी थोडी कमी होते. त्याहून जास्त घातलं तर लाटताना कडा फाटतात.

ताटातला क्रम फुकटचा आहे आणि त्याचा परिणाम दिसतो. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण किंवा उसळ, दही, पनीर, आणि शेवटी भात-पोळी. तेच ताट, तेवढंच वजन, फक्त क्रम बदललेला. यावर दोन-तीन जोड्या खर्च करा आणि स्वतः बघा. आपल्या पंगतीत वरण-भात आधी, हा क्रम नेमका उलटा आहे. जेवण झाल्यावर लगेच 10 ते 15 मिनिटं चालणं हा दुसरा फुकटचा उपाय. संध्याकाळच्या तासभर फिरण्याचं महत्त्व आहेच, पण जेवणानंतरची उडी दाबायला जेवणानंतरचंच चालणं लागतं.

चहाचा हिशेब कोणी करत नाही. दिवसात चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 35-40 ग्रॅम साखर. चहासोबतची दोन टोस्ट धरली नाहीत. गूळ घातला म्हणून फरक पडत नाही, गूळ हीसुद्धा साखरच आणि मधसुद्धा. 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटात मैदा असतोच. फळ खायचं ते चावून, रस नको. इथली शिकंजी लिंबाची नसते, आटवलेल्या दुधाची घट्ट असते, तिला पेय समजून जेवणावर घेऊ नका.

उपवास. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण मधुमेह्यांसाठीच केली असावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, 60 ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत 50 ग्रॅमच्या वर कार्ब, त्यात बटाटा. भगर, म्हणजे इथल्या बाजारातलं मोरधन, थोडी बरी, पण तीही तांदळासारखीच मोजायची. राजगिऱ्याचा लाडू गुळाचा असतो. उपवास करायचाच तर दही, ताक, शेंगदाणे, काकडी, लाल भोपळ्याचं भरीत, पनीर यांवर भर द्या आणि भगर 30 ग्रॅम. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर उपवासाच्या दिवशी मात्रा किती, हे आदल्या आठवड्यात विचारून ठेवायचं, त्या दिवशी दुपारी घाम सुटल्यावर नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर कडक उपवास किंवा कार्ब जवळजवळ बंद करण्याआधी विचारायलाच हवं. या गोळ्यांवर असताना शुगर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप सुरू झाली तर मशीन 180 दाखवतंय म्हणून घरी थांबू नका. याच गोळ्यांमुळे लघवीतून साखर मुद्दाम बाहेर टाकली जाते, त्यामुळे लघवीच्या रिपोर्टमध्ये साखरेचे चार अधिक दिसले तर घाबरण्याचं कारण नाही.

मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड: जे घ्यायचं ते जोडीने मोजून बघा, औषध बंद करून नाही.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी वर लिहिलेली उसळ, पनीर, डाळ यांची मात्रा आधी आहारतज्ज्ञाला विचारून ठरवावी. आणि गोळ्या चालू असताना कार्ब एकदम निम्मे केले तर शुगर खाली जाऊ शकते, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवावं.

सत्तरच्या खाली

हात थरथरणं, घाम, धडधड, अचानक चिडचिड, आणि मशीनवर 70 च्या खाली. लगेच 15 ग्रॅम ग्लुकोज: ग्लुकोज पावडरचे तीन सपाट चहाचे चमचे पाण्यात. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की पोळी किंवा दोन बिस्किटं, नाहीतर तासाभरात पुन्हा उतरते. चॉकलेट, बर्फी, पेढा देऊ नका, त्यातल्या तुपा-दुधाने साखर उशिरा चढते.

इथे एक नेहमीची चूक होते. भारतात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेल्या गोळ्या बऱ्याच जणांना दिलेल्या असतात, बहुतेकदा मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत. हे औषध आतड्यात आपल्या रोजच्या पांढऱ्या साखरेचं विघटन अडवतं, तेच त्याचं काम. त्यामुळे अशा माणसाची शुगर उतरली तर साखरपाणी देऊन ती लवकर चढत नाही. ग्लुकोज पावडरच लागते. तुमच्या गोळीच्या पाकिटावर ही नावं आहेत का ते आज बघा, आणि असतील तर एक पुडी घरात, एक स्कूटरमध्ये, एक ऑफिसच्या खणात. माणूस बेशुद्ध किंवा गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

तीन महिन्यांची शुगर

एचबीएवनसी ही मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्तचाचणी. ती 6 टक्के म्हणजे सरासरी शुगर 126, 7 म्हणजे 154, 8 म्हणजे 183. बहुतेकांना 7 च्या आत ठेवायला सांगतात. औषध किंवा आहार बदलला असेल तर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. त्याला उपाशी जाण्याची गरज नाही. आपल्या जोड्या चांगल्या येत असताना ही चाचणी 8.2 आली तर आधी हिमोग्लोबिन बघा: लोह कमी पडलं असेल तर आकडा खोटा वर जातो. रक्त चढवलं असेल, रक्तस्राव झाला असेल, तर खोटा खाली येतो. झाबुआ, अलीराजपूर, धार या पट्ट्यातल्या कुटुंबांत सिकल सेलचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा, गुण आढळतो, त्यात ही चाचणी फसवू शकते, तेव्हा डॉक्टर फ्रुक्टोसामिन नावाची चाचणी सांगतात, ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगते.

प्रयोगशाळेत फास्टिंग-पीपी, म्हणजे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, करताना नेहमीचं जेवा आणि नेहमीची गोळी घ्या. त्या दिवशी मुद्दाम दोन घास कमी खाऊन चांगला रिपोर्ट आणणारे पुष्कळ भेटतात, पैसे वाया. घरून नमुना नेणारा मुलगा राखाडी झाकणाची नळी वापरतोय ना ते बघा. त्यात फ्लोराइड असतं. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला 5 ते 7 टक्क्यांनी आकडा उतरतो, आणि इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास फिरलेला नमुना तुम्हाला खोटं समाधान देतो. एचबीएवनसीची नळी जांभळ्या झाकणाची. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, लिपिड, पावलांची तपासणी. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर जीवनसत्त्व बी 12 सुद्धा.

डॉक्टरांकडे जाताना मशीनची नुसती मेमरी दाखवू नका, त्यात कुठला आकडा कशानंतरचा ते बहुतेकदा नसतं. शाळेची एक वही आणि पाच रकाने: तारीख-वेळ, काय आणि किती ग्रॅम, आधी, नंतर, शेरा. शेऱ्यात गोळी चुकली, ताप होता, जागरण झालं, लग्नाचं जेवण, एवढंच. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण घट्ट लावून साठवा, ओल्या-सुक्या कचऱ्यात सुट्या टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्यांच्या बोटात त्या घुसतात. महापालिकेच्या गाडीला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, बाटली भरली की गाडीवाल्याला आत सुया आहेत असं सांगून त्याच कप्प्यात द्या.